कोपर दुखतोय म्हटलं की चेंडू बाजूला ठेवायला सांगा

टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर (कोपरातला फाटलेला अस्थिबंध नव्याने बांधतात ती) सावरणाऱ्या अमेरिकेतल्या पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या, मुलांवरचा एक लेख वाचला; तो आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या आईवडिलांनी जरूर वाचावा. बेसबॉल आपल्याकडे फारसा नाही, पण जिवाच्या आकांताने चेंडू फेकणारी पोरं गल्लोगल्ली आहेत.

1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरातला फाटलेला अस्थिबंध उजव्या हातातला स्नायुबंध काढून नव्याने बांधला. 1976 मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, हे सगळे सांगतात. मधला काळ कोणी सांगत नाही. हलक्या हाताने, 45 फुटांवरून फेकायला लागायलाच चार-पाच महिने जातात. सामन्यापर्यंत वर्ष, कधी दीड वर्ष. पंधरा वर्षांच्या पोराला एवढं थांबणं फार जड जातं हो.

माझा भाचा मे महिन्यात सकाळी एका संघाकडून, दुपारी दुसऱ्या संघाकडून खेळायचा. शेवटी शेवटी घास डाव्या हाताने घ्यायला लागला. ताई तेल लावून शेकत होती, आणि मैदानावरचे म्हणत होते, "दुखणारच थोडं." शस्त्रक्रिया टळली, हे नशीब.

तिकडच्या 'पिच स्मार्ट' या मार्गदर्शक सूचनांत 13-14 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच (म्हणजे फेकलेले चेंडू), आणि 66 वा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. आपल्या स्कोअररच्या वहीत षटकं लिहिलेली असतातच. आयोजकांनी संध्याकाळी प्रत्येक मुलाने टाकलेल्या चेंडूंची बेरीज तेवढी करावी, दोन्ही संघांची मिळून.