क्रूझवर स्वतः फिरलं की जहाज सोडून जातं?

क्रूझ वाटेत एखाद्या बंदरावर थांबली की तिथे उतरून फिरायला "क्रूझवाल्यांचीच टूर घ्या, स्वतः फिरायला गेलात तर जहाज सोडून जातं" असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. जहाजाची टूर लेट झाली तर जहाज सहसा थांबतं, आपण आपले फिरत असलो तर थांबेलच असं नाही, मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं आणि पासपोर्ट केबिनमध्ये राहिला असेल तर अजून वैताग. पण वेळेत परत आलं की काही होत नाही हो! फक्त जहाजाचा टाइम आणि तिथला लोकल टाइम कधीकधी वेगळा असतो, ते उतरायच्या आधी बघा. बंदराजवळच फिरायचंय आणि सोबत लहान मुलं आहेत तर गाइडच्या मागे पळण्यापेक्षा स्वतःच फिरलेलं बरं, दोन-तीन तास लांब जायचं असेल तर मात्र टूरच घ्या.