कीबोर्ड बदलू नका राजेहो, बिघाड कीबोर्डात नाहीच

आठ-दहा दिवसांपासून आपल्या भागातल्या पोट्ट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला. थोडक्यात असा: लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी टाइप करायच्या काळ्या खिडकीत, बाण दाबला की कंस आणि ए-बी-सी-डी उमटते, पासवर्ड टाकताना काही दिसत नाही, कंट्रोल-सीनं कॉपी होत नाही (म्हणे लिनक्सवाल्यांनी मुद्दाम उलटं केलं), कंट्रोल-एसनं मशीन हँग होते, अक्षरं उशिरा येतात, मराठी टाइप होत नाही, म्हणजे कीबोर्ड गेला, बदलून घ्या, नाहीतर टर्मिनल सोडा.

मी हे लिहितोय कारण आमच्या दारव्ह्याकडच्या गावात अभ्यासिकेत येणाऱ्या एका पोरानं हा मेसेज वाचून खरंच कीबोर्ड बदलला. तालुक्याच्या दुकानात ९०० रुपये गेले, तेही सोयाबीनच्या पैशातले, आणि दुकानदारानं लॅपटॉप उघडायच्या आधी एकदाही विचारलं नाही की बाबा बाकी ठिकाणी बाण चालतो का. घरी येऊन टर्मिनल उघडलं तर बाणाला तेच कंस. पोराचा चेहरा उतरला, मला खूप वाईट वाटलं.

पहिला मुद्दा बाणाचाच घेतो, कारण हा समजला की अर्धा मेसेज आपोआप पडतो.

ब्राउझरला कळ कळते, म्हणजे कोणती दाबली, कधी सोडली, सोबत शिफ्ट होती का, सगळं. टर्मिनलमधल्या प्रोग्रामला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त बाइट, म्हणजे नुसते आकडे मिळतात, एकामागून एक. याचं कारण जुनं आहे, पूर्वी टर्मिनल म्हणजे पडदा-कीबोर्डचा वेगळा डबा असायचा, तो एका केबलनं मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला आणि त्या केबलीतून फक्त बाइट जायचे. डेक कंपनीचा व्हीटी१०० हा १९७८ चा डबा आणि आजची आपली काळी खिडकी अजूनही त्याचंच सोंग घेते, म्हणून तर तिला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. आता वरच्या बाणासाठी आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या यादीत, अक्षरच नाही, म्हणून तीन बाइट जातात: एस्केप, चौकोनी कंस, ए. खालच्याला बी, उजव्याला सी, डाव्याला डी. हे तीन बाइट मिळून "वर" असा अर्थ लावायचं काम समोरच्या प्रोग्रामचं आहे. बॅश नावाचं शेल, म्हणजे तुमच्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम, ते करतं. डॅश नावाचं साधं शेल करत नाही, मग ते बाइट जसेच्या तसे उमटतात.

त्या पोराचं नेमकं हेच झालं होतं. नवीन खातं यूजरॲड कमांडनं बनवलं, शेल सांगितलं नाही, मग उबुंटूनं (हा लिनक्सचाच एक प्रकार) त्याला एसएच नावाचं शेल दिलं आणि उबुंटूत २००६ पासून एसएच म्हणजे डॅश. सीएचएसएच कमांडनं शेल बॅश केलं, लॉगआउट-लॉगिन केलं, बाण चालू. खर्च शून्य. म्हणजे कंस दिसणं हा कीबोर्ड चांगला असल्याचा पुरावा आहे भाऊ, तिन्ही बाइट पोचले म्हणून तर दिसले!

पासवर्डचं एका वाक्यात होतं. तुम्ही टाइप केलेलं अक्षर पडद्यावर कीबोर्ड काढत नाही, पलीकडून कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा प्रोग्राम ते परत पाठवतो तेव्हा दिसतं, याला एको म्हणतात, आणि पासवर्डच्या वेळी एको मुद्दाम बंद करतात.

याच एकोमुळे अक्षरं उशिरा येतात. आपल्याकडं नेटवर्क कसं आहे सांगायला नको, पोरं गच्चीवर नाहीतर वावराच्या धुऱ्यावर जाऊन हॉटस्पॉट लावतात आणि एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर टर्मिनल उघडून देणाऱ्या प्रोग्रामनं, लांबच्या सर्व्हरवर काम करतात. तेव्हा तुम्ही दाबलेलं "के" सर्व्हरपर्यंत जातं, तिथून परत येतं आणि मग दिसतं, जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागला तर अक्षर अर्ध्या सेकंदानं दिसणार. यात कीबोर्डाची काय चूक? मॉश नावाचा प्रोग्राम आहे, तो अंदाजानं अक्षर आधीच दाखवून देतो आणि सर्व्हरचं उत्तर आलं की जुळवून घेतो, रेंज गेली-आली तरी जोडणी तुटत नाही, गावाकडच्या माणसानं तर लावूनच ठेवावा. अजून एक, खराब रेंजमध्ये बाणाचे तीन बाइट कधी कधी फुटून येतात, आधी एस्केप आणि बाकीचे दोन मागून, मग विम या एडिटरला वाटतं तुम्ही एस्केपच दाबलं आणि भलतंच काही होऊन बसते. प्रोग्रामला एस्केपनंतर थोडं थांबून बघावं लागतं की पुढं काही येतं का, एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणाऱ्या टीमक्सच्या जुन्या आवृत्त्यांत हा थांबा ५०० मिलिसेकंदांचा होता, म्हणून एस्केप दाबलं की अडखळल्यासारखं व्हायचं. तेही लोकांनी कीबोर्डाच्या माथी मारलं.

कंट्रोल-सी. आस्कीत मोठ्या सीचा आकडा ६७, कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ जातात, राहिले ३. हा ३ नंबरचा बाइट आला की कर्नल चालू प्रोग्रामला थांबायचा सिग्नल देतो. कॉपीसाठी सी ही पद्धत ॲपलच्या लिसा-मॅकिंटॉशची, १९८३-८४ ची, आणि डेकच्या मशीनवर कंट्रोल-सीनं प्रोग्राम थांबवायचे ते त्याच्या कितीतरी आधीपासून, तेव्हा "लिनक्सवाल्यांनी मुद्दाम उलटं केलं" हे म्हणणं चूक आहे. कॉपीला बहुतेक टर्मिनलांत कंट्रोल-शिफ्ट-सी आहे, ती कळ खिडकी स्वतःकडेच ठेवते, आत पाठवत नाही. याच हिशेबानं कंट्रोल-आय म्हणजे ७३ वजा ६४, ९, तोच टॅब. करून बघा, फाइलचं अर्धं नाव लिहा आणि कंट्रोल-आय दाबा, नाव पूर्ण होते. आता किटीसारख्या टर्मिनलांनी या दोन कळा वेगळ्या कळवायची पद्धत काढली आहे, पण प्रोग्रामलाही ती समजावी लागते.

कंट्रोल-एसनं काही हँग होत नाही, पडद्यावर येणारा मजकूर फक्त थांबतो, कंट्रोल-क्यू दाबा, सुरू होतो. बटण दाबून मशीन बंद करू नका, फाइली जाऊ शकतात. आणि मधल्या वेळात जे टाइप कराल ते साठून राहतं, कंट्रोल-क्यूनंतर धावतं, म्हणून रागानं एंटर ठोकत बसू नका.

राहिलं मराठी. इथं मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. जोडाक्षरं बऱ्याच टर्मिनलांत तुटकी दिसतात, कारण पडदा चौकटींत वाटलेला असतो आणि "क्ष" किती चौकटींचा यावर खिडकी आणि प्रोग्राम यांचं जमत नाही. पण ही दिसण्याची अडचण झाली, टाइप होण्याची नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, "क" चे ३ बाइट, "कि" चे ६, "क्ष" चे ९ आणि ते सगळे बरोबर पोचतात, फाइलीत साठवून दुसरीकडे उघडा, अक्षर शाबूत असतं. बॅकस्पेसनं अक्षराचा तुकडा मागं राहत असेल तर टर्मिनलच्या सेटिंग दाखवणाऱ्या एसटीटीवाय (stty) कमांडमध्ये आययूटीएफ८ (iutf8) चालू आहे का बघा, नसेल तर कर्नल एकेक बाइटच खोडत बसतो.

आणि कीबोर्ड खरंच गेलाय का हे बघायचं असेल तर फुकटात बघता येते. टर्मिनलमध्ये नुसतं कॅट (cat) लिहून एंटर मारा आणि संशयाची कळ दाबा. काहीही उमटलं, कंस का असेना, तर कळ चांगली. काहीच नाही आलं तर तीच कळ ब्राउझरमध्ये दाबून बघा, तिथंही मेलेली असेल तरच दुकानात जा.