अर्ध्या तासातली ज्ञानेश्वरी

भाचीच्या लग्नात सार्थ ज्ञानेश्वरी द्यायची म्हणून आज संध्याकाळी दादरच्या एका दुकानात गेलो होतो. विक्रेत्या मुलाने माझ्या हातात एक गुळगुळीत, पातळ पुस्तिका ठेवली आणि म्हणाला, "काका, हीच घ्या, अर्ध्या तासात सगळी ज्ञानेश्वरी होते." त्या मुलावर माझा राग नाही. ज्यांनी ही पुस्तिका लिहिली आणि छापली त्यांच्यावर आहे, आणि घरी येऊन दोन तास झाले तरी तो उतरलेला नाही.

मी तिथेच उभ्या उभ्या तेरावा अध्याय उघडून पाहिला. गीतेतल्या 'अहिंसा' या एका शब्दापाशी ज्ञानदेव शंभराहून अधिक ओव्या रमतात. पुस्तिकेत त्यांचे एक वाक्य उरले आहे : कोणालाही दुखवू नका.

माझे बाबा गिरणी कामगार होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तसे ते रोज सकाळी चाळीच्या गॅलरीत बसून ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वाचू लागले. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या या वेगाने संपायला पाच वर्षे लागतात आणि बाबांना तेवढी लागली. वाण्याची उधारी वाढली होती, आईचे दागिने गेले होते आणि बाबांच्या तोंडून शब्द निघाला तर तो चिडूनच निघत असे. तेराव्या अध्यायात एक ओवी आहे : केसर चुरगळेल या शंकेने भुंगा कमळावर पाय हळुवार ठेवतो. त्या ओवीपाशी ते कितीतरी दिवस थांबले, तिथे त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. पुढे पहाटे पाणी भरायला जाताना बाबा चपला हातात घेऊन जाऊ लागले, कारण गॅलरीत माणसे झोपलेली असत.

'कोणालाही दुखवू नका' हे वाक्य बाबांनी जन्मभर ऐकले होते. त्याने त्यांच्या चपला हातात आल्या नव्हत्या.

सामान्य वाचकाला मूळ ग्रंथ झेपत नाही, असे कोणी म्हणाले की मला संताप येतो. 1290 मध्ये नेवाशाला गीता मराठीत सांगितली गेली, ती संस्कृत न येणाऱ्या माणसांसाठीच. एकनाथांनी 1584 मध्ये पाठ शुद्ध केला आणि बजावून ठेवले की, यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. आज तर ताटच उचलून नेले आहे आणि नरोटी तेवढी वाढली आहे.

लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून घरी येणाऱ्याला वेळ नसतो आणि अशा पुस्तिकेतूनही एखादा मूळ ग्रंथाकडे वळत असेल, हे मान्य करतो. सोपे करून सांगण्याला माझा विरोध कसा असेल? 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. त्याहून सोपे मराठी शोधून सापडायचे नाही. पण अठरा अध्यायांना त्यांनी अठरा रविवार दिले.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. सार्थ प्रत शेवटी दुसऱ्या दुकानात मिळाली. भाचीला आजोबा फारसे आठवत नाहीत, ती लहान असतानाच ते गेले. तेराव्या अध्यायातल्या त्या ओवीपाशी मी आत्ताच पेन्सिलीने बारीक रेघ मारली आहे, बाबांच्या प्रतीत आहे तशीच.