अलास्का ते ब्राझील नॉनस्टॉप? छे!

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय: 'बारा ग्रॅमचा ब्लॅकपोल वॉर्बलर अलास्कातून उडतो तो थेट ब्राझीलमध्येच उतरतो, त्याच वाटेने परततो आणि हा आपल्याकडच्या वटवट्याचाच अमेरिकी भाऊ!' शास्त्रीय नाव दिलंय डेंड्रॉइका स्ट्रायटा. पक्षी खरा, वजनही बरोबर. बाकीचं तपासून घ्यावं लागेल.

आधी ती 'थेट' झेप. अलास्कातला ब्लॅकपोल शरदात निघतो तो पूर्वेकडे. थांबत, किडे टिपत अख्खा खंड ओलांडतो आणि अटलांटिकच्या किनाऱ्याला येतो. तिथे मुक्काम ठोकून नुसता खात सुटतो. वजन वीस ग्रॅमच्या आसपास जातं. वाढलेली बहुतेक चरबीच, तेच त्याचं इंधन. मग वायव्येचा वारा पाठीशी आला की रात्री समुद्रावर झेपावतो. नॉनस्टॉप टप्पा हा एवढाच.

'एवढाच' म्हटलं खरं, पण तो टप्पाही थक्क करणारा आहे. अमेरिकेच्या ईशान्येतल्या व्हरमाँट आणि कॅनडाच्या पूर्वेकडच्या नोव्हा स्कॉशियातल्या पक्ष्यांच्या पाठीवर संशोधकांनी अर्ध्या ग्रॅमची यंत्रं बांधली. यंत्र फक्त उजेड नोंदवतं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून ठिकाण काढायचं. यंत्रासह पुन्हा हाती लागले पाच पक्षी. 2015 साली निष्कर्ष छापून आले: पाण्यावरून सलग 2,270 ते 2,770 किलोमीटर, जास्तीत जास्त तीन दिवसांत. उतरले मात्र पोर्तो रिकोसारख्या कॅरिबियन बेटांवर. दक्षिण अमेरिका त्यानंतर.

परतीची वाटही वेगळी. वसंतात ते कॅरिबियन बेटांवरून फ्लोरिडाकडे येतात आणि पुढे जमिनीवरून उत्तरेला सरकतात.

नात्याचं म्हणाल तर अमेरिकी वॉर्बलर 'पॅरुलिडी' कुळातले, आपल्या आंब्यावर हिवाळ्यात किडे शोधणारा हिरवट पर्णवटवट्या वेगळ्याच कुळातला. दिसण्यातलं साम्य बारीक चोच आणि किडे टिपायच्या धंद्यामुळे. आणि 'डेंड्रॉइका' ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) 2011 मध्येच 'सेटोफॅगा'त विलीन झाली. जनुकीय अभ्यासात दोन्हींचे पक्षी एकमेकांत मिसळलेले निघाले. सेटोफॅगा हे नाव 1827 चं, डेंड्रॉइका 1842 चं, म्हणून जुनं टिकलं.

फोटो तर भलत्याच पिवळ्याधमक पक्ष्याचा लावलाय. ब्लॅकपोलचा नर विणीच्या काळात काळी टोपी आणि पांढरे गाल मिरवतो. शरदात शेवाळी, रेघारेघांचा होतो.