सगळं इंग्रजीत शिकवलं की विद्यापीठ जागतिक होतं?

एक दावा सध्या फार फिरतो आहे: ‘विज्ञानाची भाषा इंग्रजी आहे. म्हणून जिथली भाषा इंग्रजी नाही, त्या देशांनीही विद्यापीठात सगळं इंग्रजीतूनच शिकवावं. मुलांचं इंग्रजी आपोआप सुधारेल, परदेशी विद्यार्थी येतील. नाहीतर देश मागे पडेल.’ यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. बाकीची वाक्यं त्याच्या आधाराने खपून जातात.

शोधनिबंध बहुतेक इंग्रजीतच छापले जातात, हे मान्य. संशोधनात जायचं असेल तर इंग्रजी नीट यायलाच हवं आणि त्यासाठी विद्यापीठाने भाषेचे चांगले वर्ग घ्यावेत. पण निबंध वाचता येणं वेगळं आणि एखादी अवघड संकल्पना पहिल्यांदा डोक्यात उतरणं वेगळं.

आता ‘आपोआप सुधारेल’ याबद्दल. जॉन एअरी आणि सेड्रिक लिंडर यांनी स्वीडनमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हे विद्यार्थी काही लेक्चर्स स्वीडिशमध्ये ऐकत होते, काही इंग्रजीत. भाषेमुळे काही फरक पडतो का, असं विचारल्यावर ‘फारसा नाही’ म्हणाले. मग त्यांना त्यांच्याच लेक्चर्सचं चित्रीकरण दाखवून बोलतं केलं, तेव्हा निराळंच बाहेर आलं. इंग्रजी लेक्चरमध्ये ते प्रश्न कमी विचारत होते, उत्तरंही कमी देत होते. काहींचं सगळं लक्ष नोट्स उतरवून घेण्यात जायचं आणि समोर चाललेला मुद्दा हातातून निसटायचा. हा देश इंग्रजी उत्तम बोलणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो! जिथे शाळेतलं इंग्रजीच कच्चं आहे, तिथे मागच्या बाकावरच्या मुलाचं काय होत असेल? तो गप्प बसतो, पाठ करतो आणि पास होतो. त्याला विषयही धड येत नाही आणि इंग्रजीही. मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

परदेशी विद्यार्थी येतात, हे खरं. पण ते राहतात का? डेन्मार्कने २०२१ मध्ये व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थांमधल्या इंग्रजी अभ्यासक्रमांच्या जागा मोठ्या प्रमाणावर कमी करायचं ठरवलं, कारण शिकून झाल्यावर तिथे नोकरीला थांबणारे फार थोडे होते. पुढे २०२३ मध्ये त्याच देशाने पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी जागा वाढवायचंही ठरवलं. म्हणजे कुठे, किती आणि कशासाठी, हे पाहून निर्णय घेता येतो. ‘सगळं इंग्रजीत’ म्हटलं की हा विचारच संपतो.

मागे पडण्याच्या भीतीला उत्तर सोपं आहे. २००८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तोशिहिदे मास्कावा यांनी स्टॉकहोममधलं व्याख्यान जपानीत दिलं. २०१५ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तू यूयू तिथेच चिनी भाषेत बोलल्या. आपल्या भाषेत बोलले म्हणून दोघंही विज्ञानात मागे पडले नाहीत.

राहता राहिले शिक्षक, ज्यांचा या दाव्यात उल्लेखही नसतो. इटलीत मिलानच्या पॉलिटेक्निक या तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१२ मध्ये सगळं पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचं शिक्षण फक्त इंग्रजीत करायचं ठरवलं, तेव्हा तिथलेच प्राध्यापक कोर्टात गेले. २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की काही विषय इंग्रजीत जरूर शिकवा, पण अख्खे अभ्यासक्रम फक्त इंग्रजीत ठेवलेत तर इटालियन भाषा बाजूला पडते, इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्याला दार बंद होतं आणि कोणी शिकवायचं हे विषयाच्या ज्ञानापेक्षा भाषेवर ठरू लागतं.