सुस्वभावी कोंबडा पाहिजे

आमच्या आधीच्या कोंबड्याचा तुरा असा होता, की वाटेने जाणारी माणसं परसाच्या दगडी गडग्याशी थांबून बघत. आत मात्र कुणी येत नसे. गॅसवाला सिलिंडर बाहेरच ठेवून लांबून हाक मारायचा. माझ्या दिरांनी तर छत्रीशिवाय परसात पाऊल टाकणंच सोडलं होतं, भर मे महिन्यात. शेवटी एका रविवारी सासूबाईंनी वडे तळले आणि प्रकरण मिटवलं. सागोती इतकी चिवट झाली की त्याने शेवटपर्यंत हार मानली नाही, असंच म्हणावं लागेल.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडी आपली एकटीच अंडी घालत राहते. पिल्लं हवी असली तर मात्र तो लागतो. त्यातही एक गंमत असते. कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोनेक आठवडे टिकून राहतं. त्यामुळे वडे पचल्यानंतर घातलेल्या अंड्यांमधूनही एकविसाव्या दिवशी त्याच दांडगोबाची लेकरं बाहेर आली. पुढे मात्र खुडूक कोंबडी बसली ती नुसत्याच अंड्यांवर. तीन आठवडे उपाशीतापाशी बसून हाती काही लागलं नाही, तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यानंतर नवा कोंबडा आणणं भाग होतं. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. आमच्याकडे नऊ होत्या. एकच, पण चांगला हवा.

"तुरा लालबुंद आणि स्वभाव शांत," मी अट सांगितली.

"सभाव काय शिजवन खावचो आसा?" सासूबाई म्हणाल्या.

कुडाळच्या आठवडी बाजारात कोंबडेवाल्याचंही मत हेच पडलं. त्याने एकाचे पाय धरून त्याला उलटा लटकवला, छातीवरची पिसं फुंकून मांस दाखवलं आणि म्हणाला, "वयनी, दोन किलोच्या वर भरतलो." मी स्वभावाचं विचारलं. "बघा ना, किती गरीब आसा!" आता उलटा टांगल्यावर कोणताही कोंबडा गपगार पडतो. तशा अवस्थेत आमचे दीरही गरीबच वाटतील.

मग तुरा पाहू लागले. तुरा म्हणजे कोंबड्याच्या तब्येतीचं प्रगतिपुस्तक. ताजा लाल आणि हाताला ऊबदार असला तर उत्तम. फिका, सुकलेला असला तर पोटात जंत, नाहीतर दुसरं काही दुखणं. निळसर-जांभळा दिसला तर मागे फिरावं. काळ्या खपल्या असल्या तर एक तर मारामारीच्या खुणा, नाही तर देवीचा रोग. या सगळ्या विद्येवर पाणी पडतं ते कडकनाथपुढे. त्याचा तुराच मुळी काळसर! झाबुआच्या या पक्ष्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचा रुबाब आणि दर दोन्ही चढलेत. पण त्याचा चेहरा वाचायचा कसा? पत्ते छातीशी धरून खेळणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

एक पाहिला, अगदी मनात भरला. पाच दातांचा उभा तुरा, गळ्याखाली तसेच लाल गल्ल. मी हात पुढे केला आणि त्याने बोटाचा चावा घेतला. इथे माझ्या अटीतली खरी अडचण लक्षात आली. 1849 साली जर्मनीत ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी काही तरण्या कोंबड्यांची वृषणं काढली. त्यांचे तुरे बारीक राहिले, आरवणं बसलं, भांडण गेलं. मग त्यांतल्या काहींच्या पोटात ती पुन्हा बसवली, तर तुरा आला, बांग आली आणि भांडणही आलं. थोडक्यात, लालबुंद तुरा आणि बोटाचा चावा एकाच मुळातून येतात. मी कोंबडेवाल्याकडे जे मागत होते ते देवाच्याही हिशेबात बसत नव्हतं.

अगदीच बसत नाही असंही नाही. कोंबड्याचा स्वभाव त्याच्या घरीच बघावा, म्हणून नेरूरच्या ओळखीच्या घरी गेले. परसात तीन तलंगे, म्हणजे तरणे कोंबडे, फिरत होते. मी मूठभर कण्या टाकल्या. पहिला स्वतःच खात सुटला, नापास. दुसऱ्याने कोंबड्यांना ढकलून जागा केली, नापास. तिसऱ्याने एक कणी चोचीत धरली, खाली टाकली, परत उचलली आणि टुक-टुक-टुक करून बायामंडळींना बोलावलं. त्या आल्या, खाल्लं, तो बाजूला उभा! माझा ऊर भरून आला. पाचच मिनिटांनी त्याने तेच टुक-टुक एका बाटलीच्या बुचाजवळ केलं. कोंबडे अशी थाप मारतात. कोंबड्या धावत आल्या, बूच पाहिलं आणि निघून गेल्या. पण हाक मारण्याची दानत तर होती! तुरा मध्यम, डावीकडे जरासा कललेला. मी त्याच्याजवळून चालत गेले, पाठ फिरवली (ही खरी परीक्षा, कोंबडा मागून येतो), तरी तो कण्याच वेचत राहिला. घरधन्यांनी पैसे मात्र वजनावरच घेतले. स्वभावाला दर नसतो.

आता तो आमच्याकडे आहे. गॅसवाला आत येतो. दिरांनी छत्री ठेवून दिली. शेजारचे आजोबा राखणेच्या, म्हणजे राखणदार देवाला द्यायच्या, कोंबड्यासाठी गडग्यावरून त्याच्याकडे नजर लावून असतात, त्यांच्यापुढेही तो गल्ल हलवत उभा राहतो. सगळं नीट चाललं असताना सासूबाईंना भलताच घोर लागला. कोंबड्यांमध्ये पहाटेची पहिली बांग वरच्या मानाचा कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने मागोमाग आरवतात. जपानमधल्या संशोधकांनी 2015 साली हे दाखवलं. सासूबाईंना जपान ठाऊक नाही, पण मान ठाऊक आहे. शेजारचा टिल्लू कोंबडा गडग्यावर चढून आरवतो, आमचा त्याला पूर्ण आरवू देतो, थोडा थांबतो आणि मग आपली बांग देतो.

"आमच्या घरातलो कोंबो, आनि दुसऱ्याच्या मागसून आरवता?" त्या पहाटे अंथरुणातच उठून बसतात. कालपासून त्यांनी त्याला वेगळी बाजरी घालायला सुरुवात केली आहे. अंगात जरा ताव यावा म्हणून.