‘व्याकरण बंद करा, इंग्रजी आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांना

जूनमध्ये शाळा उघडल्या की शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: बाळ मातृभाषा शिकताना व्याकरण शिकत नाही, ऐकतं आणि बोलू लागतं. व्याकरण शिकवून उपयोग होत नाही हे संशोधनाने सिद्ध झालं आहे. दहा वर्षं व्याकरण घोकूनही आपल्या मुलांना चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. चुका काढल्या की मुलं बुजतात. आणि आता तर चुका फोनच सुधारतो. तेव्हा माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला व्याकरण, विरामचिन्हं, स्पेलिंग सगळं बंद करा. खाली जोडलेल्या हातांची खूण आणि ‘पुढे पाठवा’.

मी मराठी माध्यमात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. यातलं काही मलाही पटतं, ते ओघात येईलच.

आधी बाळाचा दाखला. आठवड्याला इंग्रजीचे सहा-सात तास, एकेक तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. हजेरी, वह्या, स्पर्धांच्या नोटिसा यांत जाणारा वेळ वजा केला नाही, तरी आठवड्याचे चार तास होतात. वर्षातले पस्तीस-छत्तीस आठवडे धरले तर दीडशेच्या आत-बाहेर. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे दहावीपर्यंत फार तर दीड हजार तास. बाळ दिवसाचे आठ-दहा तास जागं असतं आणि त्याच्याभोवती घरभर मराठी चाललेली असते. दीड हजार तास त्याचे सहा महिन्यांतच भरतात. सहा महिन्यांचं बाळ अजून धड ‘आई’ही म्हणत नाही! शिवाय आमच्या तासातलं निम्मं बोलणं मराठीत असतं आणि ते तसंच असणार, नाहीतर धड्यातलं मुलांना कळायचं कसं?

दुसरं म्हणजे, आठवीतलं मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्या डोक्यात मराठी पक्की बसलेली असते आणि तिचे सांधे इंग्रजीत उतरतात. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही खेळलो’ हे मनात धरून मूल लिहितं, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड’. मराठीला जरीसोबत तरी लागतो, इंग्रजीला दोन्हींपैकी एकच पुरतो. मराठीत ‘ए’, ‘द’ यांच्या जागी काहीच नसतं, म्हणून ते गळतात. ‘टेल मी व्हेअर इज ही’ हेही तसंच, कारण ‘तो कुठे आहे ते सांग’ म्हणताना आपल्याला शब्दांची जागा बदलावी लागत नाही. हे फरक नुसतं ऐकून कळत नाहीत, कारण वाक्य चुकलं तरी अर्थ पोचतो आणि गाडी पुढे जाते. एकदा शेजारी-शेजारी लिहून दाखवलं की पाच मिनिटांत कळतात. अंगवळणी पडायला वर्ष लागतं, ते वेगळं.

बरं, तास भरपूर वाढवले तर? कॅनडात हे करून पाहिलं गेलंय. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळी शाळा फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली आणि पुढे तो प्रकार देशभर पसरला. मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं, विषयांतही ती मागे पडली नाहीत. पण वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकूनही क्रियापदांची रूपं आणि नामांची लिंगं चुकतच राहिली. कॅनडातल्या भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मुद्दा मांडला तो यातूनच: नुसतं ऐकणं पुरत नाही, स्वतः नेमकं बोलावं-लिहावं लागतं.

आणि ‘मातृभाषेचं व्याकरण कुठे शिकलो?’ या प्रश्नाचं उत्तर ‘शाळेत’ असं आहे. बोलणं घरी आलं. लिहिण्याच्या रीती, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, स्वल्पविराम, मराठीच्या बाईंनी लाल शाईने शिकवल्या. आपली विरामचिन्हं तर एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी नावाच्या इंग्रजाच्या खटपटीने मराठीत रुळली, आईच्या मांडीवर ती कुणाला मिळाली नाहीत. इंग्रजीतलं कॅपिटल अक्षरही कानाला ऐकू येत नाही.

आता संशोधन. फॉरवर्डमध्ये नाव-गाव नसतं, पण रोख कुठे आहे ते ओळखू येतं. १९६३ मध्ये अमेरिकेत लेखनाच्या अध्यापनावर ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांचा एक अहवाल निघाला. व्याकरणाचे औपचारिक पाठ दिल्याने लेखन सुधारत नाही, उलट अपायही होऊ शकतो, असं त्यात ठणकावून म्हटलं होतं. त्याच वाक्यात कारणही होतं: त्या पाठांमुळे प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ खाल्ला जातो. फॉरवर्डने निष्कर्ष उचलला आणि कारण टाकून दिलं. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र तपासले. सुटं व्याकरण तिथेही नापास झालं, पण छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याचा सराव चांगला उतरला. तोही भाषेच्या रीतींचाच सराव आहे. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या डेब्रा मायहिल यांनी व्याकरण लेखनाच्या कामात गुंफून शिकवलं तेव्हा फायदा दिसला, मात्र जास्त करून आधीच बरं लिहिणाऱ्या मुलांना.

हे सगळे प्रयोग झाले ते इंग्रजीतच वाढणाऱ्या देशांत. जिथे भाषा परकी आहे तिथले प्रयोग नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी २००० साली एकत्र मांडले, तेव्हा नियम उघड करून शिकवणं नुसत्या संपर्कापेक्षा सरस ठरलं. यातल्या बऱ्याच चाचण्या नियमांचं ज्ञानच तपासणाऱ्या होत्या, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्याने एवढं तरी वाचावं.

त्यांच्या बाजूचा दमदार पुरावा खरं तर आपल्याच देशातला आहे. तो फॉरवर्डमध्ये नसतो, याची मला गंमत वाटते. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं अशी कामं देऊन इंग्रजी शिकवलं. पुढच्या मूल्यमापनात वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे राहिले, कामाच्या चाचणीत प्रयोगाचे. पण प्रभूंचे शिक्षक ‘आपोआप येईल’ म्हणून हातावर हात ठेवून बसले नव्हते. प्रत्येक काम मुलाला झेपेल, तरी जरा अवघड जाईल, असं बेतलेलं होतं.

‘दहा वर्षं घोकून बोलता येत नाही’ यातलं घोकणं मला मान्य आहे. ‘टू’ (too) काढून वाक्य लिहा, ‘नो सूनर’ने सुरुवात करा, प्रयोग बदला. गाइडमधून हे चाळीस वेळा केलेलं मूल स्वतःच्या निबंधात ‘नो सूनर’ एकदाही वापरत नाही. ही कवायत बंद झाली तर मी पेढे वाटीन. पण तिच्या जागी रिकामा तास नको. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिते: ‘द बस केम. इट वॉज फुल. वी गॉट इन.’ मग म्हणते, हे एका वाक्यात आणा. कुणी ‘बट’ घालतं, कुणी ‘ऑल्दो’ आणतं आणि सवयीने ‘बट’ही ठेवतं, मागच्या बाकावरून ‘द बस दॅट केम वॉज फुल’ येतं आणि पुढे अडतं. सगळी वाक्यं फळ्यावर जातात. मग कुठल्यात गर्दीचा वैताग दिसतो आणि कुठल्यात बस मिळाल्याचा आनंद, यावर भांडण लागतं. ‘ऑल्दो’चा नियम त्या भांडणात सांगितला की कानावरून जात नाही.

चुका काढल्याने मुलं बुजतात, हे लाल रेघांनी भरलेल्या वहीबद्दल खरं आहे. म्हणून एका निबंधात एकाच जातीची चूक धरावी, बाकीच्या त्या दिवशी सोडून द्याव्यात. बोलताना तर टोकूच नये. पण जे मूल इंग्रजी घरात ऐकतं त्याला न शिकवताही भागेल. ज्याच्या घरी, गल्लीत, टीव्हीवर कुठेच इंग्रजी नाही, त्याला या रीती आमच्या तासाशिवाय कुठे मिळणार? बँकांच्या भरती परीक्षेत वाक्यातली चूक शोधायला सांगतात तेव्हा माध्यम विचारत नाहीत. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर पास व्हावाच लागतो.

राहिला फोन. स्पेलिंग तो सुधारतो, बऱ्याचदा बरोबर सुधारतो. पण नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ आणि ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, त्यामुळे कशाखालीच लाल रेघ येत नाही. पहिल्यात ती नोकरी सुटली आहे, दुसऱ्यात बहुधा अजून चालू आहे. आपल्याला काय म्हणायचं होतं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं.